आजीचा प्रश्न: मग तो झोपतो कवा?

ज्यांना चाळीस मिनिटं ऐकायला वेळ नाही, किंवा कसारा लोकलमध्ये आटगावनंतर ज्यांचं नेट जातं, त्यांच्यासाठी हा मागच्या एपिसोडचा लिखित भाग. जसाच्या तसा उतरवलेला नाही. बोलताना मी दोनदा भरकटलो आणि एका ठिकाणी चक्क चुकीचं बोललो, ते इथे दुरुस्त केलंय.

विषय असा: एकटा माणूस, शिडाची छोटी बोट आणि समोर आख्खा महासागर.

आता शहापूरच्या माणसाने समुद्रावर बोलावं म्हणजे जरा विनोदच आहे. आमच्याकडे पाणी म्हणजे तानसा, वैतरणा, भातसा. ते पाणी पाइपातून मुंबईला जातं आणि एप्रिल-मे आला की आमच्याच पाड्यांवर टँकर येतो. मी स्वतः समुद्र पहिल्यांदा पाहिला तो सहावीच्या सहलीत, गेटवेला. पण ज्यांनी हा विषय आपल्याकडे खऱ्या अर्थाने सुरू केला, ते व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर राहायला गेले ते फलटणजवळच्या विंचुर्णी गावात. सातारा जिल्ह्यात, समुद्रापासून लांब. त्यामुळे माझाही थोडा हक्क आहे असं समजू.

सुरुवात झाली आजीमुळे. माझी आजी मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या अलीकडे एका गावात राहते. एकटी. आजोबा जाऊन सहा वर्षं झाली. आम्ही शहापूरला, गाडीने दीड तासावर. गेल्या गणपतीत गावी होतो, लाइट गेलेली, पाऊस चालू, आणि मी मोबाइलवर आधीच डाउनलोड केलेला अभिलाष टॉमीचा एक व्हिडिओ बघत बसलो होतो. आजी शेजारी येऊन बसली. लाटा बघून म्हणाली, "ह्याच्यासंगं कोण हाय?" म्हटलं, कोणी नाही, एकटाच आहे, दीडशे दिवस. तिने थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "मंग तो झोपतो कवा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बीटेक केलंय, सहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण इतका साधा प्रश्न मला पडला नव्हता. मग पुढचे दोन महिने वाचत सुटलो.

आधी मंडळी कोण ते थोडक्यात सांगतो. भारतातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले कमांडर दिलीप दोंदे. १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये मुंबईलाच परत आले. मध्ये चार ठिकाणी थांबले: ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल, न्यूझीलंडचं लिटलटन, फॉकलंड बेटांवरचं पोर्ट स्टॅनली आणि केप टाउन. त्यानंतर अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला मुंबईहून निघाले आणि ३१ मार्च २०१३ ला परत आले, तेही मध्ये कुठेही न थांबता. दोघांचीही बोट एकच, 'म्हादेई'. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात बांधलेली. त्याआधी असली सागरी बोट तिथे बनलेली नव्हती, आणि दोंदे यांनाही एकट्याने महासागर ओलांडायचा अनुभव नव्हता. म्हणजे बोट बांधणारा पहिल्यांदाच बांधतोय आणि चालवणारा पहिल्यांदाच चालवतोय. आमच्याकडे असा प्रोजेक्ट प्लॅन दाखवला तर मॅनेजर मीटिंग सोडून उठून जाईल. पण घाईत काही नव्हतं: दोंदे आधी २००६ मध्ये इंग्लंडला जाऊन सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या हाताखाली शिकून आले, मग बोट झाली, मग तिच्यावर मॉरिशसपर्यंत जाऊन येणं झालं, आणि मग प्रदक्षिणा.

प्रदक्षिणेचे नियम भारी आहेत. जिथून निघालात तिथेच परत यायचं, सगळी रेखावृत्तं ओलांडायची, विषुववृत्त किमान दोनदा पार करायचं, आणि दक्षिणेची तीन मोठी भूशिरं, ऑस्ट्रेलियाचं लीविन, दक्षिण अमेरिकेचं हॉर्न आणि आफ्रिकेचं गुड होप, यांच्या खालून जायचं. अंतर किमान २१,६०० नॉटिकल मैल. हा आकडा उगाच नाही. वर्तुळात ३६० अंश, प्रत्येक अंशात ६० मिनिटं. ३६० गुणिले ६० करा. एक नॉटिकल मैल म्हणजे पृथ्वीवरचं एक मिनिट. एपिसोडमध्ये मी तो १.६ किलोमीटर म्हणालो, ते चूक. तो रस्त्यावरचा मैल झाला. समुद्राचा मैल १.८५२ किलोमीटर. गुणाकार केला की जवळजवळ ४०,००० किलोमीटर येतात, पृथ्वीचा घेर.

आता आजीचा प्रश्न.

झोपायचं असेल तर बोट कोणीतरी सांभाळायला हवी. 'म्हादेई'सारख्या बोटीवर विजेवर चालणारा ऑटोपायलट असतो, पण वीज म्हणजे बॅटरी, बॅटरी म्हणजे चार्जिंग, आणि खारं पाणी या सगळ्याचं वैरी. म्हणून जुनी युक्ती अजून टिकून आहे: बोटीच्या मागे एक उभं पातं असतं, वाऱ्याने हलणारं. बोट ठरलेल्या कोनातून सरकली की वारा पात्याच्या बाजूला लागतो आणि ते कलतं. कललं की त्याला जोडलेली पाण्यातली फळी पिळते. पिळलेल्या फळीला धावतं पाणी जोरात बाजूला ढकलतं, आणि त्या ढकलण्याने दोऱ्या ओढल्या जाऊन सुकाणू फिरतं. बघा काय झालं: वाऱ्याने फक्त खूण केली, ताकद पाण्याने लावली. विजेचा एक थेंब नाही. बैलाला कासरा नुसता हलवून दाखवतात, ओढायचं काम बैलच करतो, तसं.

पण यात एक गोम आहे. हे पातं दिशा धरत नाही, वाऱ्याशी असलेला कोन धरतं. वारा रात्रीतून पश्चिमेचा दक्षिणेला वळला तर बोटही गुपचूप वळते. तुम्ही झोपेतून उठता तेव्हा सगळं शांत, शिडं छान भरलेली, आणि बोट भलतीकडेच निघालेली. कोड लिहिणाऱ्यांना हे लगेच कळेल. प्रोग्राम एकही एरर न देता चुकीचं उत्तर देतो तो प्रकार.

म्हणजे बोट चालत राहते. मग निवांत झोपावं की. तर नाही, कारण जहाजं. यावर मी कागदावर गणित मांडलं. छोट्या बोटीत उभं राहिलं की डोळा पाण्यापासून जेमतेम दोन मीटर वर. तिथून क्षितिज फक्त ५ किलोमीटरवर. मालवाहू जहाज उंच असतं म्हणून ते त्याआधी दिसतं, वीसेक मीटर उंचीचं धरलं तर स्वच्छ हवेत साधारण १२ नॉटिकल मैलांवरून. जहाजाचा वेग २० नॉट, आपला ६, समोरासमोर असाल तर २६. म्हणजे क्षितिजावर काहीच नव्हतं, तिथपासून ते अंगावर येईपर्यंत अट्ठावीस मिनिटं. पाऊस किंवा धुकं असेल तर त्याच्या निम्मी. आणि वरून बघणाऱ्याला लाटांत ही बोट दिसेलच असं नाही, रडारवर तर लाकडाची किंवा फायबरची बोट फारच फिकी दिसते.

म्हणून वीस मिनिटं. जहाजांच्या वाटेवर एकटा खलाशी वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत झोपतो. गजर, उठणं, गोल फिरून क्षितिज बघणं, शिडं बघणं, पुन्हा आडवं. आता एआयएस नावाची सोय आहे, मोठी जहाजं आपली जागा आणि वेग रेडिओवरून सांगत राहतात आणि जवळ आलं की अलार्म वाजतो. पण सगळ्या मासेमारी बोटी ते लावतातच असं नाही. खाली दक्षिण महासागरात मात्र महिनोन्‌महिने जहाज दिसत नाही. तिथे सलग तास-दोन तास झोप मिळते, पण तिथे वाऱ्याची भीती. थोडक्यात, जिथे माणसं असतात तिथे माणसांची भीती आणि जिथे नसतात तिथे हवामानाची.

तुटक झोपेचं काय होतं ते मला थोडं माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी माझी सलग दोन आठवडे रात्रीची ऑन-कॉल ड्युटी होती. अकराव्या रात्री फोन वाजला, मी उचलला, "बघतो" म्हणालो आणि पुन्हा झोपलो. सकाळी मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. सिस्टिम चार तास बंद होती. मी तर पलंगावर होतो. एकट्याने जगप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस जोशुआ स्लोकम, १८९५ ते १८९८ मध्ये 'स्प्रे' नावाच्या ३७ फुटी बोटीतून गेला. त्याने लिहून ठेवलंय की आजारपणात तो खाली पडून राहिला असताना सुकाणूवर एक अनोळखी माणूस उभा होता आणि त्याने आपण कोलंबसच्या 'पिंटा' जहाजाचा पायलट असल्याचं सांगितलं. शुद्धीवर आल्यावर स्लोकमने बघितलं तर बोट बरोबर मार्गावर होती. 'स्प्रे'ची खासियतच ती होती, सुकाणू बांधून ठेवलं की सरळ जायची. पण त्या पायलटची गोष्ट मी आजीला सांगितली तेव्हा तिने फक्त मान हलवली, जणू त्यात विशेष काही नाही. आजोबा गेल्यावर पहिलं वर्षभर तिला पहाटे त्यांचा खोकला ऐकू यायचा, हे मला त्या दिवशी कळलं.

असो. पुढे.

ज्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनकडे दोंदे शिकले, तो जगात पहिल्यांदा एकट्याने आणि न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारा माणूस. १४ जून १९६८ ला इंग्लंडच्या फाल्मथहून निघाला, २२ एप्रिल १९६९ ला परत. निघताना वय २९. हे लिहिताना माझं २८ चालू आहे आणि माझी सध्याची सगळ्यात मोठी मोहीम म्हणजे सकाळची आसनगाव लोकल पकडणं. पण मुद्दा वेगळा आहे. त्याची बोट 'सुहैली', ३२ फुटांची, ती बनली कुठे? आपल्या मुंबईत. तेव्हा तो ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीत नोकरीला होता. आपल्याकडच्या सुतारांनी ती हाताने बांधली, सागवानात. डिसेंबर १९६५ मध्ये मुंबईहून निघून आफ्रिकेला वळसा घालत त्याने ती इंग्लंडला नेली. 'सुहैली' हे नावसुद्धा अरब खलाशांनी आखातातल्या आग्नेय वाऱ्याला दिलेलं.

इथे माझ्यातला शहापूरकर जागा होतो. माहुलीच्या पायथ्यापासून मुरबाडच्या डोंगरापर्यंत आम्ही सागाच्या सावलीत वाढलो. आजीच्या घराचा दरवाजा सागाचा आहे, पणजोबांच्या वेळचा, चाळीस पावसाळे त्यावर थेट झड येते आणि तो अजून चौकटीत बरोबर बसतो. सागात मुळातच तेल असतं, त्यामुळे तो पाण्याने कुजत नाही, वाळवी सहसा लागत नाही, आणि ओला-सुका होताना बाकी लाकडांच्या मानाने फुगत-आकसत कमी. म्हणून तर मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली सागवानी जहाजं इंग्रजांच्या नौदलाने वापरली. १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेलं 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय.

तरी 'सुहैली' गळायची. फळ्या चिवट होत्या, पण पाण्याखालच्या सांध्यांत फट पडली होती. अटलांटिकमध्ये, किनारा कुठेच नाही अशा ठिकाणी, नॉक्स-जॉन्स्टन पाण्यात उडी मारून बोटीखाली गेला आणि श्वास रोखून ती फट कापूस, कॅनव्हास आणि तांब्याच्या पट्टीने बुजवली. मध्येच शार्क आला, त्याला बंदुकीने मारावं लागलं. नंतर रेडिओ बंद पडला. पिण्याच्या पाण्याच्या टाक्या खराब झाल्या, मग शिडावरून ओघळणारं पावसाचं पाणी साठवून प्यायला. दिशा सांभाळणारं ते वाऱ्याचं पातं ऑस्ट्रेलियाजवळ कायमचं मोडलं आणि पुढचं अर्ध्याहून जास्त जग त्याने शिडांचा तोल साधून आणि हाताने सुकाणू धरून पार केलं. महिनोन्‌महिने कोणालाच माहीत नव्हतं की तो जिवंत आहे का.

सरासरी वेग काढला तर तासाला चार नॉट, म्हणजे साडेसात किलोमीटर. मुरबाडहून कल्याणला जाणारा माणूस पायी थोडा पळत-चालत गेला तर एवढाच. आणि हे तो बोटीत बसून ३१२ दिवस करत होता. यालाही कारण आहे. अशा जड बोटीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. पुढे जाताना ती स्वतःच एक लाट तयार करते, वेग वाढला की लाट लांब होते, आणि लाट बोटीएवढी लांब झाली की बोट आपल्याच लाटेच्या खड्ड्यात अडकते. चढावर गाडी तिसऱ्या गिअरला नुसती घुरघुरते तसं. 'सुहैली'साठी ही मर्यादा सुमारे ७ नॉट. 'म्हादेई' ५६ फुटांची, म्हणून अभिलाष टॉमी सुमारे २३,००० नॉटिकल मैल १५१ दिवसांत करू शकले.

त्या १९६८ च्या शर्यतीत नऊ जण निघाले होते. पूर्ण करणारा हा एकच. एक, बर्नार मॉयतेसिए, जिंकण्याच्या बेतात असताना शर्यत सोडून ताहितीकडे निघून गेला, त्याला परत गर्दीत यायचंच नव्हतं. दुसरा, डोनाल्ड क्रोहर्स्ट, अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि रेडिओवर खोट्या जागा कळवत राहिला. जुलै १९६९ मध्ये त्याची बोट सापडली, तो नव्हता. नॉक्स-जॉन्स्टनने बक्षिसाचे ५,००० पौंड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले. एकटेपणाबद्दल लोक सरसकट बोलतात, पण तीन माणसं, तोच समुद्र, आणि तीन पूर्ण वेगळी उत्तरं. मला वाटतं क्रोहर्स्टला एकटेपणाने नाही, खोटं निभावण्याने मारलं. घरी परत यायचा रस्ताच त्याने बंद करून घेतला होता. हे माझं मत, चूक असू शकेल.

एकदा जागा कशी कळते हेही सांगतो, कारण यावर सगळ्यात जास्त मेसेज आले. जीपीएस नसेल तर सेक्स्टंट आणि घड्याळ. भरदुपारी सूर्य सगळ्यात वर असतो तेव्हा त्याची उंची मोजली की अक्षांश मिळतो. रेखांशासाठी वेळ लागते: पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. घरबसल्या करून बघता येईल असा प्रयोग आहे. मी आमच्या गच्चीवर काठी उभी करून सावली मोजली. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाच्या वेळेवर चालतं, शहापूर आहे ७३.३ अंशांवर. फरक सव्वानऊ अंशांच्या आसपास, गुणिले चार, म्हणजे ३७ मिनिटं. म्हणून आपल्याकडे सूर्य डोक्यावर बाराला येत नाही, साधारण बारा सदतीसला येतो, ऋतूप्रमाणे काही मिनिटं मागे-पुढे. समुद्रावर उलट करायचं: सूर्य कधी डोक्यावर आला ते बघायचं आणि त्यावरून आपण कुठे आहोत ते काढायचं. घड्याळ चार सेकंद चुकलं तर विषुववृत्तावर एक नॉटिकल मैलाची चूक. आणि हे हलत्या बोटीवरून, ढगांच्या फटीतून.

हे सांगायचं कारण म्हणजे २०१८ ची गोल्डन ग्लोब शर्यत. पहिल्या शर्यतीला पन्नास वर्षं झाली म्हणून ती पुन्हा भरवली, जुन्याच साधनांनी: ३२ ते ३६ फुटी बोटी, कागदी नकाशे, सेक्स्टंट. जीपीएस सीलबंद पेटीत, फक्त संकटासाठी. अभिलाष टॉमी यांनी त्यासाठी गोव्यात त्याच यार्डात 'सुहैली'ची प्रतिकृती बांधून घेतली, नाव 'तुरीया'. १ जुलै २०१८ ला फ्रान्समधून निघाले. २१ सप्टेंबरला, तिसऱ्या क्रमांकावर असताना, दक्षिण हिंदी महासागरात वादळात सापडले. पर्थपासून सुमारे १,९०० नॉटिकल मैल. वारा ७० नॉट, म्हणजे तासाला १३० किलोमीटर, लाटा चार मजली इमारतीएवढ्या.

नुसत्या मोठ्या लाटेला बोट घाबरत नाही, हे मला वाचून कळलं. मोठी पण गोल लाट बोटीला फक्त वर नेते आणि खाली आणते. धोका फुटणाऱ्या लाटेचा आणि तो आडव्या बोटीला. लाटेचा माथा कोसळतो तेव्हा ते पाणी उतारावरून धावत येतं, आणि बोट तिला बाजू देऊन उभी असेल तर तिच्या लांबीच्या निम्म्याएवढी फुटती लाटसुद्धा तिला लोळवायला पुरे. म्हणून वादळात सगळी धडपड एकच, लाटेला पाठ किंवा नाक द्यायचं, कूस द्यायची नाही. कित्येक जण मागून जाड दोर ओढत नेतात, त्याने बोटीचा वेग कमी होतो आणि शेपूट लाटेकडे राहते. बोटीच्या पोटाखाली मोठं वजन असतं, त्यामुळे जत्रेतल्या बुड-जड बाहुलीसारखी ती परत सरळ होते. पण डोलकाठी पाण्याखालून फिरून येते, ती मोडते. आणि आत बसलेला माणूस छतावर आपटतो.

'तुरीया' लोळली. डोलकाठ्या गेल्या. अभिलाष टॉमींच्या पाठीच्या मणक्याला जबर मार बसला, उठता येईना. कसाबसा मेसेज पाठवला की पाठीला दुखापत आहे, हालचाल करता येत नाही. मग पडून राहिले. एक रात्र नाही, तीन दिवस. भारतीय नौदलाच्या पी-८आय विमानाने वरून बोट शोधली. शर्यतीतलाच आयरिश स्पर्धक ग्रेगर मॅगकिन त्याच वादळात डोलकाठी गमावूनही जुगाड शीड लावून त्यांच्या दिशेने निघाला होता. २४ सप्टेंबरला फ्रान्सचं मासेमारी-गस्तीचं जहाज 'ओसिरिस' पोहोचलं आणि त्यांना स्ट्रेचरवर काढून आम्स्टरडॅम बेटावर नेलं. तिथून नौदलाचं 'सातपुडा' घेऊन आलं.

हे मी आजीला सांगताना मध्येच थांबलो. कारण गेल्या श्रावणात ती मोरीत घसरली होती. संध्याकाळी सातला पडली, खुबा दुखावला, उठता येईना. फोन पुढच्या खोलीत चार्जिंगला. सकाळी शेजारची वहिनी दूध घेऊन आली तेव्हा कळलं. अकरा तास. हाड मोडलं नव्हतं, नशीब. तेव्हापासून बाबा तिला शहापूरला आणायच्या मागे आहेत आणि ती नाही म्हणतेय. घरात या विषयावर दोनदा भांडण झालंय. मीही बाबांच्याच बाजूने होतो.

आमच्या कामात 'हार्टबीट' म्हणून प्रकार असतो. लांबचा सर्व्हर दर काही सेकंदांनी नुसतं "आहे" असं कळवतो. बाकी काही बोलायची गरज नाही. "आहे" आलं नाही की अलार्म. त्या शर्यतीतल्या बोटींवरचा ट्रॅकर हेच करतो. मग मी आजीसाठी तेच केलं. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, मिस्ड कॉल. उचलायचा नाही, बोलायचं नाही. साडेसातपर्यंत आला नाही तर मी शेजारच्या वहिनीला फोन करणार, तिचाही लागला नाही तर बाइक काढणार. मोबाइल कमरेच्या पिशवीत, चार्जिंगला फक्त दुपारी, मोरीत जातानाही सोबत. गावात रेंज कधी कधी जाते, त्यामुळे तीन वेळा उगाच धावपळ झाली. एकदा मी किन्हवली-सरळगावच्या रस्त्याने रात्री नऊला पोहोचलो तर ती भाकऱ्या थापत होती. मला बघून म्हणाली, "आलास तं जेवून जा."

अभिलाष टॉमी यांच्या मणक्यात टायटॅनियम बसवलं. पुन्हा चालायला शिकावं लागलं. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ते त्याच शर्यतीला पुन्हा उभे राहिले, 'बायनात' नावाच्या ३६ फुटी बोटीत. २९ एप्रिल २०२३ ला, २३६ दिवसांनी, दुसऱ्या क्रमांकाने पोहोचले. पहिली आली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर, अशी जगप्रदक्षिणेची शर्यत जिंकणारी पहिली बाई. सोळा जण निघाले होते, न थांबता तिघेच पोहोचले.

हा शेवटचा भाग मी आजीला मागच्या रविवारी सांगितला. तिला वाटलं होतं की जखमी माणूस घरी आला आणि गोष्ट संपली. "परत गेला?" तिने दोनदा विचारलं. मग म्हणाली, "घरची काय बोलली आसतील." म्हटलं, बोललीच असतील. बायको, लहान मुलं आहेत त्यांना.

ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग तिने विचारलं, "आणि ती पयली बोट? ती आणली का नाय?"

म्हटलं, नाही आजी, ती तिथेच समुद्रात सोडून यावं लागलं. माणूस काढायचा होता.

"त्यानं बांधलेली व्हती ना ती?"

म्हटलं, हो. गोव्यात. ह्या तुझ्या दरवाजासारखी मजबूत.

ती काही बोलली नाही. मी चहा ठेवायला आत गेलो. मोरीच्या भिंतीला लोखंडी दांडा बसवायचं काम अर्धं राहिलंय, गवंडी पुढच्या आठवड्यात येणार आहे, आणि बाबांना ते अजून सांगायचंय.